चार बोटं जागा

"चार बोटं कमी पडत्यात," सोपान फरशीवाला भिंतीपाशी टेप गुंडाळत म्हणाला.

देवळासमोरच्या मोठ्या उघड्या अंगणात प्रत्येक फरशीवर देणगीदारानं नाव कोरून घेतलं होतं. गेल्या वर्षी त्या एकमेकींना खेटून बसवल्या. मे महिन्याच्या उन्हानं तापून फुगल्या आणि जागा नाही म्हणून उचकटल्या. यंदा पुन्हा बसवताना सोपाननं मध्ये मोकळे सांधे सोडले. सांध्यांनी जागा खाल्ली, आणि आता भिंतीकडची शेवटची ओळ मावेना. ती कापणं भाग होतं.

शेवटच्या ओळीत कोणाला टाकायचं, हे देवस्थानाचे अध्यक्ष सयाजीराव यांनी आधीच ठरवलं होतं. बागायतदारांची नावं गाभाऱ्यासमोर. डोंगरातून उठून आलेल्यांची चपला काढायच्या जागी. देवाच्या दारात तरी ही उतरंड नको, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

लंकाबाई शेवटच्या ओळीतल्या आपल्या फरशीपाशी उभी होती. हिरडा विकून तिनं मेलेल्या नवऱ्याच्या नावानं ती दिली होती. वरच्या काठाला 'कै. भागू', खालच्या काठाला 'कातळवाडी'. तिचं गाव. धरणाचं पाणी त्यावर चढून वर्षं झाली. एसटीच्या पाटीवरूनही ते पुसलं होतं.

"फुडची एखादी ओळ कापा की, राव," ती म्हणाली.

"फुडं पावण्यांची नजर जाती." सयाजीराव वैतागले. "अन् चार बोटांनी काय व्हतंय? सोपान, खालनं काप. भागूचं नाव ऱ्हातंय की. गाव गेलं तर गेलं."

"धरणाच्या वक्ताला सायब बी आसंच म्हणला व्हता."

सोपाननं कटर चालू केला नाही. त्याला वाईट वाटलं, पण अध्यक्षांपुढं तोंड उघडायची त्याची छाती झाली नाही. तो फरशीवरची धूळ पुसत राहिला. सयाजीराव घड्याळाकडं बघत होते.

लंकाबाई खाली बसली. फरशी चटका बसण्याइतकी तापली होती, तरी तिनं दोन्ही ओळींवरून हात फिरवला. वरच्या ओळीवर तो जरा जास्त वेळ थांबला.

"वरनं काप, सोपानभाऊ."

"वैनी, वर दादांचं नाव हाय."

"ठावं हाय. मालकांना मी वळखते, पोरं वळखत्यात. गावाला आता कोन वळखतंय?"