गिळेपर्यंत

"अन्नाची नळी आजच घाला," थोरला मुलगा म्हणाला. "आणखी किती वाट बघायची?"

प्रवासाच्या कपड्यांतच तो दवाखान्यात आईच्या खाटेशी उभा होता. विसरण्याच्या आजाराने आईला पार पोखरलं होतं. बोलणं केव्हाच थांबलं होतं, आता गिळणंही जड जात होतं. धाकटी बहीण उशाशी बसली होती. इतकी वर्षं आईचं सगळं तिनेच केलं होतं.

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा. या टप्प्यावर नळीने आयुष्य वाढत नाही. ठसकेही थांबत नाहीत. नळी खुपते, माणूस ती उपसून काढतो, मग त्याचे हात बांधायची पाळी येते. त्यापेक्षा हाताने भरवावं. घेतील तेवढंच."

"हे तुमचं मत झालं."

"माझं एकटीचं नाही. अशा रुग्णांचे अभ्यास पारखून ठरवलेल्या सूचना आहेत. काही बदललंय का, म्हणून काल पुन्हा वाचल्या."

"कागदावरच्या लोकांना आई नसते, डॉक्टर."

डॉक्टरबाईंनी आईचं पांघरूण सारखं केलं. "त्या कागदावर आयाच होत्या हो. कुणाकुणाच्या. काहींना नळी घातली, काहींना भरवलं, आणि पुढे त्यांचं काय झालं ते कुणीतरी नीट पाहून ठेवलं. आपल्या हाताशी तेवढंच आहे."

डॉक्टरबाई दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या. थोरल्याने मोर्चा बहिणीकडे वळवला. "म्हणजे उपाशी ठेवायचं का तिला? तुझे हात थकले असतील तर तसं सांग."

बहिणीने खाटेचा डोक्याकडचा भाग वर घेतला, दुधात कालवलेल्या केळ्याची वाटी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"तू भरव."

त्याने चमचा काठोकाठ भरला आणि आईच्या तोंडात रिकामा केला. आईला ठसका लागला. तोंड लालबुंद झालं, डोळ्यांतून पाणी आलं. बहिणीने आईला पुढे कलतं धरलं, पाठीवरून हात फिरवला. श्वास हळूहळू जागेवर आला.

"अर्धाच चमचा घे," ती म्हणाली. "हनुवटी खाली असू दे. घशाकडे बघ. गिळेपर्यंत थांबायचं."

चहा निवेपर्यंतही धीर नसलेला तो माणूस आईच्या घशाकडे डोळे लावून बसला. बऱ्याच वेळाने घसा हलला. त्याने रोखून धरलेला श्वास सोडला. मग पुन्हा अर्धा चमचा. पुन्हा थांबणं. शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला भेटायला आलेले लोक उठून गेले, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"अर्धी वाटीही संपली नाही गं," तो हळूच म्हणाला. "पुरे का एवढं?"

"मला काय विचारतोस, दादा? तिला विचार."

त्याने चमचा आईच्या ओठांशी नेला. ओठ उघडले नाहीत. त्याने बळजबरी केली नाही, नुसता थांबला. मग आईने सावकाश तोंड दुसरीकडे वळवलं.

डॉक्टरबाई परत येऊन पायथ्याशी उभ्या राहिल्या. "नळीचं काय ठरवलंत?"

आईच्या चेहऱ्यावरची नजर न काढता त्याने चमचा वाटीत ठेवला.

"नको म्हणतेय," तो म्हणाला.