चाल जुळली

जवळ सरा, मायबापहो, द्वारकेची कथा सांगतो. देवाच्या द्वारकेची नव्हे, आपल्या नाशकातल्या द्वारका चौकातली. तिथल्या एका गोदामात चोरी झाली. कॅमेऱ्यात चोराचं तोंड झाकलेलं, पण चाल स्पष्ट दिसत होती. मालकानं चाल मोजणारा इंजिनिअर आणला, त्यानं गोदामातल्या सगळ्या कामगारांची चाल मोजली आणि त्याच्या कंप्युटरनं पेठच्या डोंगराकडून आलेल्या जयराम हमालाकडे बोट दाखवलं.

“गुडघा उंच उचलतो, टाचेआधी चवडा टेकवतो. हाच तो,” इंजिनिअर म्हणाला.

“बोलवा पोलिसांना!” मालक ओरडला.

लेकावर आळ येतोय हे ऐकून जयरामची आई यशोदाबाई गावाकडून जीप भरून माणसं घेऊन आली होती. ती पुढं झाली. “बोलवा की, शेठ. पण आधी आमालाबी मोजा.”

ती कॅमेऱ्यासमोरून चालत गेली. तिच्यामागून पाड्यावरची सतरा माणसं चालली, त्यात काठी टेकणारा म्हातारा होता आणि कडेवर लेकरू घेतलेली सूनही.

कंप्युटरनं एकूणएक सगळ्यांना चोर ठरवलं.

“चढणीवर चालाया शिकलो आमी,” यशोदाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “न्या आता आख्खा डोंगर चौकीत!”

मायबापहो, हरिनाम घ्याल तेव्हा या माउलीचीही आठवण ठेवा.