जुनी जोडणी

सकाळपासून आप्पांचा आवाज आला नव्हता. पक्षाघातानंतर मेंदूतली चिप त्यांच्या मनातलं बोलणं मोबाइलच्या ब्राउझरवर पाठवायची. पहाटे ब्राउझर अपडेट झाला आणि पडद्यावर एकच ओळ उरली: ‘सुरक्षा प्रोटोकॉल जुना आहे. जोडणी नाकारली.’

“जुनी जोडणी चालू करते,” लेक ऋजुता म्हणाली. “पण मग त्यातून कुणीही शिरू शकेल, आई.”

“शिरू दे. ह्यांना काहीतरी दुखतंय गं, डोळ्यांतून पाणी येतंय. कुठे दुखतंय ते तरी कळेल.” कुमुदिनीबाईंची पूजाही तशीच खोळंबली होती.

मोबाइल बोलू लागला. आवाज हुबेहूब आप्पांचा.

“कुमुदिनी, मी बरा आहे. दार उघड, औषधवाला आलाय.”

बेल वाजली. ऋजुता उठली.

“बस खाली. सगळ्या संसारात ह्यांनी मला ‘अगं’शिवाय हाक मारलेली नाही.”

ऋजुता घाबरून जोडणी तोडायला निघाली. कुमुदिनीबाईंनी तिचा हात धरला. बेल वाजतच होती. “कुमुदिनी, कुमुदिनी,” आवाज लाडीगोडी लावत होता. त्या मोबाइल कानाशी घट्ट धरून, देवाचं नाव घेत बसून राहिल्या.

मग त्या गलक्यातच कुणीतरी वैतागून म्हणालं, “अगं, कधीचा सांगतोय, छातीत दुखतंय.”