पहिला शब्द

"आपन कुटं चाललोय गं?" पिरंगुटच्या स्टॉपवर कोंडाजींनी पुन्हा विचारलं.

"नाटकाच्या साळंत. तुमचं भाषान हाय."

"कुनाच्या साळंत?"

"गौतमीताईच्या. पौडाच्या अलीकडं."

कोंडाजींनी समाधानानं मान हलवली. रत्नाबाईनं मात्र कपाळाला हात लावला. ज्या माणसाला कुठं जायचंय ते आठवत नाही, तो शंभर पोरांसमोर काय बोलणार?

मुळशी खोऱ्यातल्या जत्रांमधून कोंडाजी उभी हयात नायक झाले. आणि विंगेत प्रॉम्प्टिंगला रत्नाबाई. लग्न होऊन आली तेव्हा गावात सातवी शिकलेली ती एकटीच सून होती. नट नांगर सोडून थेट तोंडाला रंग लावायचे. पाठांतराच्या नावानं बोंब. म्हणून गावानंच तिला विंगेत बसवलं. पुढं पुढं संहिता हातात धरायचीही गरज उरली नाही. तोंड कोंडाजीचं आणि ध्यान रत्नाबाईचं, असं लोक म्हणायचे. तिचा नियम एकच: पहिला शब्द द्यायचा, तोही ओठांतल्या ओठांत. बाकीचं नटाचं.

आता सगळं घरच प्रॉम्प्टिंगवर चाललं होतं. सकाळी उठल्यावर कोंडाजी विचारणार, आज वार कोणता. मग भिंतीवरच्या फोटोतली माणसं कोण. मग काल कालवण कशाचं होतं. तिनं चहा ठेवला की मागून येऊन गॅसचं बटण चाचपणार.

लेकानं, अमोलनं, दोघांना पुण्याला डॉक्टरकडं नेलं होतं. डॉक्टर नवखाच असावा. विसरतंय कोण आणि विचारतोय कुणाला! वार, महिना, गाव, सगळं तिलाच विचारत बसला. नवऱ्याच्या वतीनं तिनं जमतील तशी उत्तरं दिली. निघताना मात्र तो कोंडाजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आबा, विचारत राहायचं. कंटाळायचं नाही."

झालं. तेव्हापासून विचारणं वाढलंच.

परवा तर कहर झाला. ती भाकरी थापत होती आणि कोंडाजी शेजारी बसून म्हणाले, "आन तुजं नाव काय गं?"

तव्यावरची भाकरी करपली. "बायकूचं नाव इसरलात व्हय?"

"सांग की."

"रत्ना."

"हां. रत्ना," म्हणाले आणि लहान पोरासारखे हसले. ती मोरीत जाऊन पदरानं डोळे पुसत राहिली.

त्याच संध्याकाळी अमोल हिंजवडीहून आला. दाराआडून तिनं ऐकलं. "आबा, हे घरी मॅनेज होणार नाही. संस्थेत ठेवावंच लागेल. मी चौकशी करून आलोय."

"शनवार हू दे," कोंडाजी म्हणाले. "भाषान हू दे. मंग बोल."

म्हणजे आज ते अडले की संपलं. उद्यापासून ते कुठल्याशा परक्या खाटेवर आणि ती रिकाम्या घरात. सकाळपासून तिनं भैरवनाथाला किती वेळा हात जोडले, तिचं तिलाच माहीत.

शाळेच्या फाटकावर फळा होता. आज कोंडाजींचं व्याख्यान, पुढच्या महिन्यात पुण्याच्या कोणा नर्तिकेचं. दिवाळीनंतर विद्यार्थ्यांचं नाटक, जत्रेतलं जुनं, दिग्दर्शक कोंडाजी. गौतमीताई स्वतः सामोऱ्या आल्या.

"आजी, तुमची खुर्ची विंगेत ठेवलीय. आबांची तशी अटच आहे."

"आट कसली बाई, गरज हाय," रत्नाबाई पुटपुटली.

गौतमीताईंनी कोंडाजींकडं पाहिलं. ते फेटा नीट करत होते.

"बाळांनो, आमच्या येळंला..." कोंडाजी थांबले. नजर विंगेकडं.

"माईक," ओठांतल्या ओठांत.

"माईक न्हवता. डोंगरापल्याड आवाज जायाचा. म्हशी बुजायच्या."

पोरं हसली. असंच चाललं. ते थांबत, ती शब्द देई, गाडी पुढं जाई.

"नट इसरला का थांबला, हे बघनाऱ्याला कळता कामा न्हाई," कोंडाजी सांगत होते. "लई सराव लागतो त्याला."

मग पायल नावाची एक मुलगी उठली. "आबा, किल्लेदाराचं शेवटचं भाषण म्हणून दाखवाल?"

रत्नाबाई खुर्चीत पुढं सरकली. सगळ्यात लांब भाषण तेच.

कोंडाजींनी सुरुवात केली. किल्ल्याचं दार, बाहेर शत्रू, आत पोरगा. आणि ऐन मध्यावर थांबले. नजर विंगेकडं.

तिनं तोंड उघडलं. शब्द नव्हता.

गॅसबत्त्यांचा वास आठवला, पडद्यावरचा मोर आठवला. शब्द तेवढा नाही. ह्यांच्या संगतीनं माझंबी डोस्कं गेलं का काय? पहिल्या रांगेत अमोल होता. तो रंगमंचाकडं नाही, विंगेकडं बघत होता.

कोंडाजींनी एक श्वास घेतला. आणि पुढचं म्हणू लागले. कुठं न अडखळता, एक अक्षर न गाळता, पार शेवटापर्यंत.

टाळ्या थांबेनात. रत्नाबाईला हुंदका फुटला. आठवतंय त्यांना! सगळं आठवतंय! आता कोण नेतंय संस्थेत?

गौतमीताई विंगेत आल्या, हाताला धरून तिला उजेडात घेऊन गेल्या.

"मुलांनो, या आवाजामागचा आवाज आज पहिल्यांदा समोर येतोय," त्या म्हणाल्या आणि माईक तिच्यापुढं धरला. "आजी, मुलांना तुमचं नाव सांगा."

रत्नाबाई हसली. तिनं पोरांकडं पाहिलं, अमोलकडं पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या बांगड्यांकडं पाहिलं.

कोंडाजी कधीच मागं सरकले होते. विंगेत, तिच्या खुर्चीपाशी उभे राहून, ओठांतल्या ओठांत ते म्हणाले, "रत्ना..."