गरम हवेची पाळी

मॉलच्या गच्चीवर थंडाव्याच्या यंत्रांभोवती उंच पत्र्याचा आडोसा होता. त्याच्या झडपा रोज एका इमारतीकडे वळत आणि सगळी गरम हवा तिच्यावर येई. ज्यांची पाळी असेल ते सकाळीच डबे घेऊन नातेवाइकांकडे जात. मागच्या पाळीला घरातच राहिलेले दाते मास्तर संध्याकाळपर्यंत जगले नव्हते.

आज 'ओंकार'ची पाळी होती. कुमुदिनीबाई आणि अंथरुणाला खिळलेले तिचे यजमान अण्णा तेवढे मागे उरले, कारण अण्णांना उचलून न्यायला येणारा पुतण्या आलाच नाही. तिने झडपा फिरवणाऱ्या गजाननला फोन लावला.

"आजच्या दिवस दुसरीकडे वळवा ना."

"वळवतो, काकू. पण मग समोरच्या 'रेणुका'वर जाईल. ते बेसावध घरात बसलेत. तिसऱ्या मजल्यावर नऊ दिवसांची बाळंतीण आहे."

"आणि यंत्रंच बंद ठेवली तर?"

"मॉलमध्ये तीन हजार माणसं आहेत."

समोरच्या खिडकीत लंगोट वाळत होते. पूर्वी खिडकीला वाळ्याची ताटी लावून पाणी मारलं की उन्हाळा निभायचा. बादल्या अण्णाच आणायचे.

"राहू द्या," ती म्हणाली.

"कोणाचा फोन?" अण्णांनी विचारलं.

"झडपावाल्याचा. आज जरा उकडेल म्हणाला."

"जरा? मग त्याला चहाला बोलव की इथे."

तिने दोन चादरी भिजवल्या. एक अण्णांवर घातली. दुसरी खिडकीला लावायला गेली, तर काचेला हात टेकवेना.