मावशींच्या शेजारची जागा

चेंदणी कोळीवाड्यात मालू आणि मी भाड्याच्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर लाँग, मिड आणि क्लोज शॉट शिकत होतो. समोर ओट्यावर मालूच्या भागीरथीमावशी बसल्या होत्या. त्यांचे यजमान पूर्वीच खाडीत बुडाले होते, आणि घरात यजमानांचा एकही फोटो नव्हता.

मिड शॉटमध्ये मी मावशींना चुकून कडेला घेतलं. शेजारी रिकामी जागा राहिली.

"अगं, फ्रेम सरकव! जागेचं शूटिंग करतेस का?" मालू म्हणाली.

"तशीच ऱ्हाऊ दे गो," मावशी म्हणाल्या.

फोकस आपोआप बदलू लागला. मावशी पुसट झाल्या, मागची भिंतही पुसट झाली. भिंगावरची फोकसची कडी स्वतःच फिरत जवळच्या अंतराकडे सरकू लागली, अगदी सावकाश, कोणीतरी माझ्याकडे चालत यावं तशी.

मावशी लाजून हसल्या.

"आता घे त्यांचा क्लोज."