फाटलेलं रबर

प्रशिक्षणाच्या वर्गात मी बटरफ्लाय व्हॉल्व्हमधलं फाटलेलं रबर सगळ्यांपुढे धरलं.

"हे बघा. व्हॉल्व्ह पाइपात बसवताना आतली तबकडी थोडी उघडी ठेवायची, मगच बोल्ट आवळायचे. बंद ठेवून आवळलं की रबर चेपतं, उघडताना फाटतं. मग व्हॉल्व्ह बंद केला तरी दाबाखालचं पाणी पलीकडे सुटतं. एवढं साधं आहे, पण लोक डोकं गहाण ठेवून काम करतात!"

वर्ग हसला. मागच्या रांगेतले आमचे जुने फिटरकाका तेवढे खाली बघत बसले. गेल्या महिन्यात हाच व्हॉल्व्ह बंद करून ते पुढचा पाइप खोलायला गेले आणि उकळतं पाणी त्यांच्या उजव्या हातावर आलं.

व्हॉल्व्ह बसवला त्या दिवशी काकांनी तबकडी उघडीच ठेवली होती. "साहेब, बंद नका करू, रबर जाईल," असं दोनदा म्हणालेही होते. "आता तुम्ही मला शिकवणार?" म्हणत मीच दांडा फिरवून ती बंद केली आणि त्यांना बोल्ट आवळायला लावले. तिथे आम्ही दोघंच होतो. अहवालात मी 'फिटरची चूक' असं लिहून मोकळा झालो.

"सर, पण हा असा बसवला कोणी?" पहिल्या बाकावरच्या नव्या इंजिनिअरने विचारलं.

उत्तर एका अक्षराचं होतं. मी पाण्याची बाटली तोंडाला लावली.



मागच्या रांगेतून बँडेज बांधलेला हात वर झाला.